घर सापडत नाही

२ नोव्हेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाला असशील, तर जरा थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर 'हं' म्हणून ठेवून देतोस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.

मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. चौदा महिन्यांपूर्वी तू हत्यारांची पिशवी उचलून माझ्या दारातून गेलास, त्याचं काय ते आपण बघू कधीतरी. आज मला एक कामाची गोष्ट विचारायची आहे. तू वायरमन, मी शिवणकामवाली. तुला पँट आखूड करायची असती तर तू माझ्याकडेच आला असतास ना? तसंच हे.

तर ते बिनतारी दिवे. उत्तम चालले आहेत. मोबाइलवरून लागतात, नुसतं तोंडाने सांगितलं तरी लागतात. क्वचित कधीतरी हट्ट करतात, इतकंच. म्हणजे काल भर दुपारी घरातले नऊच्या नऊ दिवे आपले आपण लागले, आणि संध्याकाळी लावायला गेले तर मोबाइलवर अक्षरं आली, 'घर सापडत नाही'. मी घरातच उभी होते. तुझे भाऊजी म्हणाले, "अगं, त्याला नीट पत्ता तरी सांग."

प्रश्न असा आहे. जिन्यातला एकच दिवा पूर्वीसारखा भिंतीवरच्या बटणावर घ्यायचा असेल, तर काय करावं लागेल? तुझी बटणं काढून कंपनीच्या लोकांनी तिथे कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या ठोकल्यात. आतमध्ये काय आहे, देव जाणे.

घाई नाही, सहज विचारते. भाऊजी मजेत आहेत. सध्या डाव्या हाताने सही करतात, त्यामुळे बँकेतले लोक वैतागतात, पण ते असू दे.

तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

बारक्या,

उत्तर नाही. नसू दे. मला लिहायला जमतंय तोवर मी लिहिणार.

दिवे उत्तम चाललेत असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. कसे चाललेत ते आता खरं सांगते.

माझ्या कपाटावर साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी बसलेली आहे. नऊही दिवे त्या डबीचं ऐकतात, डबी कंपनीचं ऐकते, आणि माझं कोणीच ऐकत नाही. डबीवरचा ठिपका हिरवा असला की सगळं ठीक. तो लाल झाला की मी कंपनीला फोन लावते. मग वीस मिनिटं गाणं ऐकते. ते गाणं आता मला पाठ झालंय, मशीनवर बसले की पाय त्याच तालावर चालतो.

पहिल्या मुलीने डबी बंद करून चालू करायला सांगितली. दुसऱ्याने डबी बंद करून चालू करायला सांगितली. तिसरीला मी आधीच म्हटलं, "बाई गं, मी ती इतक्यांदा बंद-चालू केलीय की तिला आता चक्कर येत असेल." तर ती म्हणते, "मॅडम, मी तुमची अडचण समजू शकते. एकदा डबी बंद करून चालू करता का?"

चौथ्याने मात्र निदान केलं. म्हणाला, तुमच्या भिंती जाड आहेत. मी म्हटलं, "दिवे बसवायच्या आधी तुमचा माणूस टेप घेऊन घरभर फिरून गेला होता. तेव्हा भिंती काय गावाला गेल्या होत्या?" त्याने मला 'एक मिनिट' म्हणून पुन्हा गाण्यावर सोडलं.

आणि फोन ठेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच मोबाइलवर निरोप येतो: 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' बारक्या, मी अंधारात बसून तारे देत होते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण परवा एक वकीलबाई त्यांचा काळा कोट घेऊन आल्या. अस्तर उसवलं होतं, कॉलर झिजली होती. मी संध्याकाळी बसून सगळा कोट नीट केला. मशीनवरचा दिवा पांढरा ठेवलेला असतो, तो कधीतरी आपोआप पिवळा झाला होता, आणि डोळ्याला सवय झाल्यामुळे माझ्या ते लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी कोट दारात उन्हात धरला आणि कॉलरवर बोट ठेवलं. काळ्या कॉलरवर निळा दोरा. गडद निळा, पण निळाच. तीस वर्षांत माझ्या हातून काळ्यावर निळा गेला नव्हता. त्या चांगल्या बाई, म्हणाल्या, "राहू द्या, कोर्टात कोण बघतंय." मी कोट हातातून काढून घेतला आणि त्यांच्यासमोर सगळी शिवण उसवली.

जिन्यातल्या दिव्याचं तेवढं कळव. एक ओळ पुरे.

ताई


१९ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं उत्तर आलं! सहा ओळी, त्यातल्या पाच वायरीबद्दल. पाकीट फोडताना मी उभी होते, वाचून झाल्यावर खाली बसले. ते पत्र आत्ता मशीनशेजारी ठेवलंय.

"पट्टी उघडू नकोस. आत तारा जिवंत आहेत. मेन बंद करून जिन्यात दुकानात मिळतो तो साधा बल्ब लाव. बटण नसल्यामुळे तो दिवसरात्र जळत राहील. जळू दे." असं तू लिहिलंस. मी तसंच केलं. आता आमच्या जिन्यात कायमचा उजेड आहे. तो मोबाइलवर दिसत नाही, कंपनीला त्याचा पत्ता नाही, आणि तो एकदाही हरवलेला नाही.

आणि तुझी सहावी ओळ: "भाऊजींच्या उजव्या हाताला काय झालं?"

तुझ्यापासून काही लपत नाही. सांगते.

चोवीस ऑक्टोबरला संध्याकाळी पावणेसातची गोष्ट. यांचा काचबिंदू तुला माहीत आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि कमी उजेडात पायाखालचं तर मुळीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना रस्ते कळावेत म्हणून नकाशे काढत बसलेला माणूस, आता घरातल्या घरात पायऱ्या मोजत चालतो. ते वरच्या खोलीतून त्यांची नकाशाची जुनी गुंडाळी घेऊन खाली येत होते. सातव्या पायरीवर असताना दिवा गेला.

ते थांबले. "अगं, दिवा," एवढंच म्हणाले, शांतपणे. मी स्वयंपाकघरातून धावले. आधी ओरडले, "जिना चालू! जिना चालू!" आणि ते बोलणारं यंत्र कसं गोड आवाजात म्हणालं, "माफ करा, मला ते समजलं नाही." मग मी भिंतीवर हात मारला. बरोब्बर तुझं बटण होतं तिथेच माझा हात गेला. तिथे कोरी पट्टी. मी त्या पट्टीवर थापा मारत होते आणि तेवढ्यात ते पडल्याचा आवाज आला.

मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही, हे नशीब. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. नंतर कळलं की त्या वेळी डबीत काहीतरी नवीन भरलं जात होतं, आपोआप, कंपनीकडून. 'तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून.'

आता मी फोनवर गाणं ऐकणार नाही. मी त्यांच्या कचेरीत जाणार आहे.

ताई


२७ नोव्हेंबर

बारक्या,

गेले होते. सविस्तर सांगते, कारण तुला आवडेल.

त्यांचं सेवा केंद्र एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. मी डबी, जिन्यातून काढलेला त्यांचा बल्ब, सगळ्या तक्रारींचे नंबर लिहिलेली वही आणि एक स्कर्ट घेऊन गेले. स्कर्ट गिऱ्हाइकाचा, घेराला दुमड घालायची होती. कचेरीत थांबावं लागणार हे मला माहीत होतं, मग हात रिकामे कशाला ठेवायचे?

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तक्रार फोनवरच नोंदवावी लागते."

"नोंदवली आहे. एकोणीस वेळा. एकोणीसही सुटल्यात असं तुम्हीच कळवलंय. त्या सुटलेल्या तक्रारी मी दाखवायला आणल्यात."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"असू देत. माझा घेर मोठा आहे."

ती स्कर्टकडे बघत राहिली. मी खुर्चीवर बसून सुईत दोरा ओवला. काळा दोरा, आणि तो मी आधी खिडकीशी नेऊन बघितला.

तासाभरात आणखी चार जण आले, प्रत्येकाच्या हातात तीच पांढरी डबी. एका आजोबांच्या घरातले दिवे शेजारच्यांच्या मोबाइलवरून लागत होते. एका डॉक्टरणीच्या दवाखान्यात तपासताना अंधार व्हायचा. त्या प्रत्येकाला फोनवर सांगितलं होतं की अशी अडचण फक्त तुम्हालाच येतेय. आणि भिंती सगळ्यांच्या जाड! मी म्हटलं, "चला, सगळे मिळून आत जाऊ. मीटिंग चालूच आहे, आपणही बसू."

आतला साहेब चाळिशीचा, थकलेला माणूस. टेबलावर पाच डब्या ओळीने मांडल्यावर त्याने आधी दार लावून घेतलं आणि मग खरं बोलला. हे मॉडेल कंपनीने सहा महिन्यांपूर्वीच बंद केलंय. ज्यांनी ते बनवलं, ती माणसं सोडून गेली. फोनवर बसलेल्या मुलांना हे सांगायची परवानगी नाही. "तुम्हाला नवीन मॉडेल देतो," तो म्हणाला.

"नको. तुमचे दिवे उतरवून घेऊन जा. आणि दोष तुमच्या यंत्रणेत होता, माझ्या भिंतीत नव्हता, असं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. माझा नवरा त्या अंधारात पडलाय."

त्याने बराच वेळ माझ्या वहीची पानं उलटली. मग संगणकाकडे वळला आणि स्वतः टाइप करायला लागला. पाचही जणांना कागद मिळाला, बारक्या. डॉक्टरणीने बाहेर आल्यावर माझा हात हातात घेतला.

पण निघताना त्या साहेबाने एक प्रश्न विचारला. तसा साधाच. "बाई, तुमच्या घरात चांगलं वायरिंग होतं, आमच्या माणसाने तसा शेरा मारलाय. मग हे घेतलंत तरी कशाला?"

माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असतं, हे तू जाणतोस. मी स्कर्ट घडी करून पिशवीत घातला आणि जिना उतरले.

ताई


२८ नोव्हेंबर

बारक्या,

काल उत्तर दिलं नाही. आज तुला देते. ते ऐकायचा हक्क त्या साहेबाचा नाही, तुझा आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तू आमच्या हॉलमधला पंखा बदलायला आला होतास. तू स्टुलावर, मी खाली स्टूल धरून. तुझा स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बसेना. तीन वेळा घसरला. तू हात खाली घेतलास, पँटवर पुसलास, पुन्हा वर नेलास. मग तारेपाशी गेल्यावर तुझा हात थरथरला. मी जाऊन मेन बंद केला. तू वरून ओरडलास, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "लाइट गेली वाटतं." तू अंधुक उजेडातच पंखा बसवलास आणि उतरताना म्हणालास, "आज जेवलो नाही ना, म्हणून जरा." मी मान डोलावली.

आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुझ्याबाबतीत ठरवायची मला तेव्हापासूनची खोड. मी ठरवलं की माझ्या घरात आता वायरीचं कामच उरू द्यायचं नाही. काम नसलं की तू स्टुलावर चढणार नाहीस. तेवढ्यात त्या कंपनीची जाहिरात दिसली.

आणि तुला सांगायचं काय? तुझा हात थरथरतो, असं? मला ते जमलं नाही. म्हणून कंपनीच्या माणसासमोर हसून म्हटलं, "याचं काम आता जुनं झालं. याला नवीन काही कळत नाही." मला वाटलं, तुला राग पेलेल, कीव पेलणार नाही. चार दिवस फुगशील आणि येशील. त्यांनी भिंतीतून काढलेली तुझी बटणं तू टेबलावर एकेक करून ठेवलीस, पिशवी उचललीस आणि गेलास.

मग मी वर्षभर त्या दिव्यांची बाजू घेत राहिले. दिवे वाईट म्हटले, तर तुला उगाचच दुखावलं असं ठरलं असतं. यांचं मनगट मोडलं, तरी पहिल्या पत्रात मी 'उत्तम' लिहिलं. इतकी मी हट्टी.

माझं चुकलं. तुझ्याशी खरं बोलायला हवं होतं. तू पन्नाशीला आलेला माणूस आहेस, तुझ्या हाताचं काय करायचं ते तू ठरवायचंस. मला माफ कर.

हात कसा आहे? डॉक्टरकडे गेलास का?

ताई


१६ डिसेंबर

बारक्या,

शनिवारी तू स्वतः इथे होतास, तरीही लिहिते. काही गोष्टी माझ्या बाजूने कशा झाल्या, ते तुला ठाऊक नाही.

तुझं कार्ड आलं, 'शनिवारी येतो, दोघं आहोत', तेव्हा मला वाटलं तू डॉक्टर नाहीतर वकील घेऊन येतोयस. दार उघडलं तर तुझ्या मागे एक उंच मुलगी, खांद्यावर तुझीच हत्यारांची पिशवी. तू म्हणालास, "ही माझी विद्यार्थिनी. मी आता तंत्रशाळेत शिकवतो." इतके महिने तू शिकवतोयस आणि तुझ्या बहिणीला पत्ता नाही! मला तुझा राग आला, आणि इतका आनंद झाला की मी तिलाच आधी आत ओढलं.

मग तू उंबऱ्यातच उभं राहून म्हणालास, "हाताचं मला माहीत होतं, ताई. त्या पंख्याच्या आधी सहा महिने डॉक्टरने सांगितलं होतं. तुला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललीस का?"

यावर हे आतून म्हणाले, "दोघंही आत या, माश्या येतायत." बरं झालं म्हणाले. नाहीतर मी तिथेच रडले असते.

दिवसभर ती मुलगी शिडीवर आणि तू खाली, हात पाठीमागे बांधून. "डावीकडची घे. ती नाही, तिला हात लावू नकोस. आता थांब, श्वास घे, मग पीळ." तिच्या हातून तुझंच काम होत होतं. मध्येच ती वरून म्हणाली, "सर, ही जोडणी कोणी केलीय? इतकी नीट मी पुस्तकातसुद्धा बघितली नाही." तू खिडकीबाहेर बघायला लागलास. तुझे कान लाल झाले होते. हे तुला दिसलं नसेल म्हणून कळवते.

कंपनीचे दोघं सोमवारी आले आणि डबी-दिवे घेऊन गेले. यांनी डबीला हात हलवून निरोप दिला. प्लास्टर निघालंय, पण ते मनगट मुद्दाम सगळ्यांना दाखवत फिरतात. जिन्याला आता वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं आहेत. हे दिवसातून दहा वेळा वर जातात, काही काम नसताना.

वकीलबाई आज पुन्हा आल्या, दोन कोट घेऊन. मी दोन्ही आधी खिडकीत नेऊन बघते म्हटल्यावर त्या हसल्या.

आता जे सांगायला बसले, ते सांगते. तुला चहा दिला तेव्हा मी कप अर्धाच भरला होता. मुद्दाम. तुझ्या ते लक्षात आलं. तू कपाकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालास, "ताई, पूर्ण भर." मी भरला, काठापर्यंत. तू दोन्ही हातांनी उचललास. थोडा बशीत सांडला, थोडा शर्टावर. फडकं मागे ओट्यावर होतं. मी उठले नाही, बारक्या. माझ्या आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. तुझा चहा संपेपर्यंत मी बसून राहिले आणि तुझ्या शाळेबद्दल विचारत राहिले. तू बशीतलाही पिऊन टाकलास आणि म्हणालास, "साखर कमी आहे."

साखर बरोबर होती. येत्या शनिवारी पुन्हा पिऊन बघ. आणि डाग पडलेला तो शर्ट आण, त्याची कॉलरही झिजलीय.

ताई